आण्णा इंगवल्यांची घरची केस

मंगळवार पेठेत लेकीचं लग्न ठरवण्याआधी लोक आण्णा इंगवल्यांकडे येत. मुलगा पितो का, नोकरी खरी का, हे आण्णा आठ दिवसांत काढून आणत. हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर सोळा वर्षं त्यांनी हीच गुप्त चौकशी केली. त्यांचं अनुमान कधी चुकलं नाही.

चुकलं ते एकदाच, नोकरीत असताना, आणि तेही घरात. पस्तीस वर्षांपूर्वी शेजाऱ्याची म्हैस धाकट्या भावाच्या, केरबाच्या गोठ्यात सापडली. भावाला पाठीशी घातलं असं कुणी म्हणू नये, म्हणून आण्णांनी म्हशी पिळून दूध विकतात त्या भर दूधकट्ट्यावर, गिऱ्हाइकांदेखत, त्याला बेड्या घातल्या. चार दिवसांनी कळलं, म्हैस दावं तोडून केरबाच्या म्हशींमागं आपसूक आली होती. भटकू नये म्हणून त्यानं बांधून ठेवली होती. सुटल्यावर केरबा जनावरं घेऊन पेठ सोडून गेला. आण्णांनी लाजेनं त्याला शोधलं नाही.

यंदा दसऱ्याला डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप गेलीय. दिवाळीनंतर ऑपरेशन, पण या वयात खात्री नाही. आण्णांनी त्याच दिवशी केरबाला शोधायची केस हातात घेतली.

शहराच्या मतदारयाद्या चाळून झाल्या, केरबा त्यांत नव्हता. नातेवाइकांना पत्ता ठाऊक होता, पण कुणी सांगेना.

"शपथ घातलीया त्यानं," थोरली बहीण बनाबाई म्हणाली. "तुला सांगितलं तर भाऊबीजेला येणार न्हाय म्हणतोय."

आण्णा विचार करत बसले. माणूस गाव बदलेल, फोन बदलेल. पण हात? वडील मुठीत शीळ घालून म्हशीला पुढचे गुडघे टेकायला लावत. ती हातोटी एकट्या केरबाला साधली होती. आणि दिवाळीच्या पाडव्याला म्हैस मिरवल्याशिवाय केरबाला घास गेला नसता.

पाडव्याच्या सकाळी आण्णांनी रिक्षा केली आणि गावोगावच्या म्हशींच्या मिरवणुका बघत निघाले. तिसरं गाव गडमुडशिंगी. चौकात हलगी कडाडत होती, शिंगं रंगवलेल्या म्हशी मालकांच्या मोटारसायकलींमागं धावत होत्या. एका पोरीनं मुठीत शीळ घातली. मोरपिसं लावलेली म्हैस गुडघ्यांवर आली.

"कुणाची गं तू?"

"केरबा इंगवल्यांची नात, क्रांती. तुमी कुठलं पावणं?"

"पावणा न्हाय त्यो, पोलीस हाय," मागून आवाज आला. "खिसा तपास त्येचा. बेड्या असतील."

केरबाच होता. मिशी पार पांढरी.

"चुकलं माझं, केरबा," आण्णा हळूच म्हणाले.

"आसं कानात? बेड्या घालताना सगळा कट्टा गोळा केलतास की!"

आण्णांनी चौकभर नजर टाकली. डॉक्टरांनी जिनासुद्धा चढू नका म्हणून बजावलं होतं. आण्णा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढले. हात वर करून हलगी थांबवली.

"ऐका रं! ह्यो माझा भाऊ केरबा! ह्यानं म्हैस चोरली न्हवती. मी हवालदार आसून तपास न करता बेड्या घातल्या. गुन्हेगार मी हाय!"

धाप लागली, पण आवाज कापला नाही. केरबानं पटक्याच्या टोकानं डोळे पुसले.

"उतर की खाली, पडशील येड्या!" तो ओरडला. "आनि हलगी कुणी थांबवली रं?"

हलगी पुन्हा कडाडली. शिट्ट्या सुटल्या. क्रांतीनं आण्णांच्या डोक्यावर मूठभर गुलाल उधळला.

"सोमवारी छाती फाडणार हायत माझी," आण्णा खाली उतरता उतरता म्हणाले.

"फाडू देत. मी दारात बसतो," केरबा म्हणाला. "आता ही म्हैस धर. तुला वळते का बघू."

आण्णांनी मुठीत शीळ घातली. नुसती हवा निघाली. म्हैस ढिम्म. अख्खं गडमुडशिंगी हसलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं आण्णा.