गावात न आलेली पाचवी

आमच्या शाळेला नकाशा नव्हता. खरं तर इमारतही नव्हती. रेडीच्या बाजूला, समुद्राजवळच्या एका देवळाच्या सभामंडपात चार वर्ग बसत, आणि चारही वर्गांना मिळून एकच गुरुजी. भूगोल शिकवायचा असला की ते ओहोटी बघून आम्हाला किनाऱ्यावर नेत आणि काठीने वाळूत हिंदुस्थान काढत. पश्चिम किनारा पाण्याच्या बाजूला, त्यामुळे आमचा अरबी समुद्र खराच असे. एखादी लाट मुंबई भिजवून परत जाई. वेंगुर्ल्याच्या दिशेला ओल्या वाळूचा हिमालय. आम्ही नद्यांमधून चालत असू. अजूनही वसतिगृहात डोळे मिटले की पावलांना ती गार गंगा लागते.

चौथीत मुली दोघीच, मी आणि शेजारच्या घरातली माझी मैत्रीण. पाचवी शिरोड्याला, वाटेत खाडी. मुलींना कोण पाठवणार? गुरुजी म्हणाले होते, तपासणीला येणारे शाळाखात्याचे साहेब, म्हणजे दिपोटी, खूश झाले तर कदाचित गावातच पाचवी मिळेल.

दिपोटी आले ते स्वतःचा नकाशा घेऊनच. तो त्यांनी खांबाच्या खिळ्याला टांगला. मला तो फार सुंदर वाटला, आणि काहीच कळेना. हिमालय आढ्याकडे गेलेला, समुद्र उभा. त्यातलं पाणी खाली कसं सांडत नाही, असं मी बघत राहिले.

"हिमालय दाखव बघू, बाळ."

मी हात केला तो सरळ बाहेर, उत्तरेकडे.

"अगं, तिकडे वेंगुर्ला आहे!" दिपोटी हसले. मुलगे खिदळले. गुरुजींचा चेहरा उतरला.

मागून मैत्रीण म्हणाली, "गो, तो उभो कित्याक? खाली घाल मगे!" आणि स्वतःच उठली. खिळ्यावरून नकाशा काढून तिने जमिनीवर पसरला आणि फिरवून त्याचा समुद्र समुद्राकडे केला.

"हां, आता इचारा."

ती त्यावर पाय ठेवणार, तोच दिपोटी ओरडले, "अगं अगं, चालू नकोस त्याच्यावर!"

मग ती काठाला उकिडवी बसली आणि सिंधूपासून कावेरीपर्यंत बोट फिरवत गेली. कुठेही अडली नाही. जाताना दिपोटी गुरुजींना म्हणाले, "पाचवीसाठी मी नक्की लिहितो."

त्यांनी लिहिलंही असेल. पण जूनमध्ये पाचवी आली नाही. दुसऱ्या शिक्षकाच्या पगाराला मंजुरी मिळाली नाही, एवढंच गुरुजींनी सांगितलं. माझे मामा शिरोड्याला राहायचे, म्हणून मी गेले. तिचं तिथे कुणी नव्हतं.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. इथे एकदा वादविवादात विषय निघाला, सरकारने शाळांवर जास्त खर्च केला तर माणसं जास्त शिकतात का? एक जण म्हणाला, शिकणारा झाडाखालीही शिकतो. मला उठून बोलायचं होतं, धीर झाला नाही. नकाशावाचून आमचं फारसं अडलं नाही, हे मी मान्य केलं असतं. ती उणीव गुरुजींनी वाळूत भरून काढली. पण नसलेला वर्ग त्यांनी कुठून काढायचा?

सुट्टीत घरी गेले की मैत्रीण माझी पुस्तकं मांडीवर घेऊन बसते. तिचं वाचणं आता हळू झालं आहे. "ह्यां माका समजाव गो," म्हणते. मी समजावते, की लगेच तिचा पुढचा प्रश्न तयार. एकदा तो मी वर्गात विचारला.

"प्रश्न चांगला आहे," प्राध्यापक म्हणाले. "तुझा का?"

मी नाही म्हटलं. मग कुणाचा, ते सांगायचं राहूनच गेलं.