आज प्रश्न आम्ही विचारायचे

"तू इंटरव्ह्यू घेणार नाहीस. तू घर दाखवणार आहेस."

मॅडम हे भर वर्गात म्हणाल्या. ठाण्यातलं कॉलेज, समाजशास्त्राचं एम.ए. त्यांचा अभ्यास कल्याणच्या मुस्लिम बायकांवर होता आणि वर्गात कल्याणची मुस्लिम मुलगी मी एकटीच. मला प्रश्न का विचारता येणार नाहीत, असं मी हळूच विचारलं. त्या हसल्या.

"अगं, तू आतली आहेस. आतल्या माणसाला अंतर राखता येत नाही."

माझ्या बाकावर केतकी बसली होती. डोंबिवलीची. आदल्या सत्रात तिने स्वतःच्या आजीच्या भजनी मंडळावर निबंध लिहिला होता. मॅडमनी तो वर्गात वाचून दाखवला होता. म्हणाल्या होत्या, घरातली असल्याशिवाय हे दिसलंच नसतं.

तिचं घर म्हणजे नजर. माझं घर म्हणजे नमुना.

हे मला तिथेच कळलं. तरी मी मान हलवली. आणि घर दाखवलं.

आम्ही खाडीच्या बाजूला राहतो, रेतीबंदरला. कोकणी मुसलमान. घरात मराठीच, आमच्या वळणाची. अब्बांची मोठी बहीण, माझी फुफी, आमच्याकडेच असते. त्या दिवशी तिने सकाळपासून सांदणं वाफवली होती. मॅडम आल्या, सोबत केतकी. दोघी म्हणाल्या, "आम्ही खाऊन आलोय." ताट तसंच राहिलं.

आमच्याकडे एक रीत आहे. नवं माणूस घरात आलं की आधी त्याने आपलं सांगायचं. कुठलं, कोणाचं. मग घरच्यांनी आपलं. त्यानंतर काय हवं ते विचारा. फुफीने रीतीप्रमाणे सुरुवात केली.

"तुमचा घर कुठं हाय, बाय? घरात कोन कोन?"

मॅडम फोनवर रेकॉर्डिंग चालू करत होत्या. "आजी, आज प्रश्न आम्ही विचारायचे."

केतकी हसली. मीही हसले. फुफीने माझ्याकडे पाहिलं आणि ओढणी सारखी केली.

"मराठी मात्र किती छान बोलता हो तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही पन बरी बोलता," फुफी म्हणाली.

मग प्रश्न. शाळा कोणी सोडायला लावली. नवरा हात उचलायचा का. बुरखा कोणाच्या सांगण्यावरून. फुफीने काही लपवलं नाही. शाळा सातवीत तिच्या बापाने सोडवली. "चूक त्यांची. मी तोंडावर सांगितलेला त्यांना." बुरख्याचं म्हणाली, "सासूनं सांगितला म्हनून घातला. सासू गेली, काढून ठेवला. नवरा गेला तवा परत घातला, माझा मी. बाजारात कोन वळखीत नाय. नातेवाईक पन नाय. लय बरा." आणि खळखळून हसली.

रेकॉर्डिंग ऐकून ते इंग्रजीत उतरवायचं काम मला मिळालं. आता आतली असणं चाललं.

मी लिहिलं: सासूच्या दबावाखाली बुरखा, पतीच्या निधनानंतरही कायम. वडिलांच्या सांगण्यावरून शिक्षण बंद.

मधलं काढून ठेवणं मी गाळलं. माझा मी, हे गाळलं. तोंडावर सांगितलेलं गाळलं. हसू गाळलं. कोणी सांगितलं नव्हतं. पण पहिल्या बाकावरची मुलगी मी. बाईंना कोणतं उत्तर हवंय ते आधी ओळखायचं आणि तेच द्यायचं, यावर माझी सगळी इंग्रजी शाळा पार पडलेली.

त्या रात्री जेवताना फुफीने विचारलं, "तिचा घर कुठं, ते कळलाच नाय." दोन वर्षं त्यांच्याकडे शिकतेय, मलाही माहीत नव्हतं.

लहानपणी फुफीच मला कुराणाचा सबक, म्हणजे धडा, द्यायची. अल्लाने निरनिराळ्या जमाती केल्या त्या एकमेकांना ओळखायला, हे तिने सांगितलेलं. आणि त्याच्या अगदी शेजारीच सांगितलंय की कोणाच्या आयुष्यात चोरून डोकावू नका. माझ्या अभ्यासक्रमात ओळखणं होतं. एकमेकांना हा शब्द नव्हता. उत्तर आफ्रिकेतला एक जुना काझी, समाज कसे उभे राहतात आणि कसे ढासळतात हे युरोपच्या कितीतरी आधी लिहून गेलेला, आमच्या नोट्समध्ये एका ओळीत उरकलेला. बाकी सगळे मोठे लोक बोटीतून उतरून दुसऱ्यांच्या घरात शिरणारे.

मी ती पुस्तकं फेकणार नाही. शंका घ्यायला, आपल्या घरावरही, मला त्यांनीच शिकवलं. फुफीची शाळा कोणा गोऱ्या साहेबाने बंद केली नव्हती. पण एकाच बाजूने घ्यायची शंका ही शंका नसते. ती उलटतपासणी असते.

सेमिनारच्या दिवशी पडद्यावर आमच्या घरी काढलेला फुफीचा फोटो आला. नाव नाही, चेहरा पुसट केलेला. खाली माझी वाक्यं. मॅडम म्हणाल्या, "इथे बाईला स्वतःचा आवाजच नाही." सगळे लिहून घेत होते.

मी उभी राहिले.

"हे तिने असं सांगितलेलं नाही. हे मी कापलंय. तिने बुरखा काढला होता. परत घातला तो स्वतः. आवाज रेकॉर्डिंगमध्ये आहे."

"इमोशनल होऊ नकोस. बस खाली."

मी बसले नाही. म्हटलं, "मॅडम, तुमचं घर कुठे? घरात कोण कोण?"

मॅडमनी पुढची स्लाइड लावली.

"हा पर्सनल प्रश्न आहे," त्या म्हणाल्या.

"तिला विचारलेलेही पर्सनलच होते," मी म्हटलं. "माझं भाषांतर मी मागे घेते."

बाहेर केतकी भेटली. म्हणाली, "आता प्रबंधाला गाइड कोण मिळणार तुला?" खरं होतं. मॅडमनी मला गाइड करायला नकार दिला, तो दुसऱ्याच दिवशी.

घरी मी फुफीला सगळं सांगितलं. मी काय गाळलं तेही. ती तांदूळ निवडत होती. थांबली नाही.

"ती परकी होती," म्हणाली. "तू का हसलीस?"

त्यानंतर तिने मला तिच्या आयुष्यातलं काही सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही. तो हक्क मी घालवलाय.

माझा प्रबंध आता आमच्या विभागावर आहे. कोण कोणाच्या घरी जातं, कोण कोणाला विचारतं, कोणाचं घर कोणी पाहिलेलं नाही. गाइड अजून नाही. प्रश्न तयार आहेत. प्रत्येकाला पहिली मुलाखत माझी घ्यावी लागेल. माझं सांगून झाल्याशिवाय मी एकही प्रश्न विचारणार नाही. आणि तोच प्रश्न घेऊन मी मॅडमच्या केबिनचं दार वाजवणार आहे.