फिर्यादीचं नाव

नांदेडला एका कॉलेजची बस चालवायची नोकरी मिळत होती. माझ्यावर एकही गुन्हा नाही, असा पोलिसांचा दाखला त्यांना हवा होता. मी ऑनलाइन अर्ज भरला आणि तालुक्याच्या ठाण्यात चकरा मारत राहिलो. चौथ्या खेपेला हवालदार मान वर न करता म्हणाला, "दाखला मिळत न्हाई. चोरीच्या गुन्ह्यात नाव हाय तुझं."

कागद दाखवा म्हटलं तर तो माझ्यावरच खेकसला. शेवटी कटकट नको म्हणून त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. केळीच्या मळ्यातल्या विहिरीवरून पाण्याची मोटार चोरीला गेली, तो गुन्हा. मळा माझा, मोटार माझी, आणि तक्रार घ्या म्हणून याच टेबलापुढे दिवसभर ताटकळलेला माणूसही मीच.

"साहेब, मी तर फिर्यादी हाय."

"नाव टाकलं की जे येतं ते येतं. गुन्ह्यात नाव हाय का न्हाई? मग झालं. नवा अर्ज कर."

चार वर्षं झाली, यांना माझी मोटार सापडली नाही. मी मात्र यांना खुर्चीतून न उठता सापडलो.