शरयूताईंच्या पडद्यावरची चाल

“आधी चालून दाखवा. तुम्ही कोण ते नंतर बघू.”

तळेगावच्या एका शाळेच्या हॉलमध्ये शरयूताई कुदळे मला असं म्हणाल्या, त्याला बरीच वर्षं झाली. एका मासिकाच्या अंकासाठी मी त्यांच्यावर लिहायला गेले होते आणि दारातच स्वतःची ओळख सांगू लागले होते. समोर मोठा पांढरा पडदा होता. मी चालले तशी त्यावर माझी सावली चालू लागली, पण चाल माझी नव्हती. माझ्याआधी तिथून गेलेल्या शाळेच्या शिपायांची होती. ताईंची कलाकृती अशीच आहे. कॅमेरा प्रत्येकाची चाल टिपतो आणि पुढच्या माणसाच्या सावलीला देतो. बाईची पुरुषाला, पुरुषाची बाईला.

लांब ढांगा टाकते म्हणून लहानपणापासून मी पुष्कळ ऐकून घेतलं होतं. ते त्या दिवशी ताईंना का सांगितलं, कोण जाणे. “छान ढांग आहे,” एवढंच त्या म्हणाल्या. मग संध्याकाळपर्यंत जो येईल त्याच्या सावलीला त्यांनी माझीच चाल दिली.

चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या भागांची ड्रॉइंग करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. बारीक कापलेले केस, शर्ट-पँट. कुणी त्यांना सर म्हणतं, कुणी ताई. “कुणालाही हाक मारा, दोघंही घरीच असतात,” असं त्या हसून सांगतात.

गेल्या वर्षी त्यांनी चाकणजवळच्या निघोज्यात रस्त्यालगत पडदा लावला. शिफ्ट सुटलेली पोरं एकमेकांना पुढे ढकलत होती. “काय भावा, लाजतो काय! नवरीसारखा चाललास की!” तेवढ्यात एक वयस्कर शेतकरी पडद्यासमोरून गेले, थबकले, पुन्हा मागे आले.

“बाई, ही माझी चाल न्हाई.”

“मग कुणाची, आबा?”

“आमच्या आईची हाय. डोक्यावर पाटी घेऊन अशीच चालायची.”

पोरं ढकलाढकली सोडून बघू लागली. सगळी नाही. अंधार पडताना काही जणांनी केबल ओढून तोडल्या. “सर म्हणू का ताई, आधी ठरव. परत इथं दिसू नको,” एक जण म्हणाला. ताई वाकून केबल गोळा करत होत्या. “दिसणार. तूही ये. तुझी चाल राहिलीय.”

आता साठीनिमित्त तोच पडदा त्याच जागी लावायचं त्यांनी ठरवलं आहे. साठीसाठी नेमलेल्या गौरव समितीने सांगवीचा हॉल सुचवला, तर म्हणाल्या, “दार असलं की ठरलेलीच माणसं आत येतात.” सोबतीला कुणी उभं राहू दे म्हटलं, तर तेही नको. “पहारा दिसला की माणूस मोकळं चालत नाही.” त्यांचं खरं आहे. तरी निमंत्रणपत्रिका हाती आल्यापासून माझी झोप उडाली आहे. रस्त्याने दोन पोरं मोठ्याने हसत गेली, तरी मला त्या तुटलेल्या केबलच दिसतात.

ताई, तुम्हाला उदंड आयुष्य मिळावं, डोळे आणि गुडघे शाबूत राहावेत, हे मी देवाकडे मागेन. तुमच्याकडे एकच मागणं आहे, आणि तुम्ही नाही म्हणाल हेही ठाऊक आहे. त्या संध्याकाळी माझं चालून झालं की मला घरी पाठवू नका. केबलजवळ उभी राहू द्या.