माझ्या पोरीचं ऊन मीच बंद केलं

"हिचं ऊन कोणी बंद केलं?" हिंगोलीच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, अन् मी शाळेतल्या पोरीसारखा हात वर केला. "मीच, मॅडम!"

बायांनो, ऐका, मुद्दाम सांगून राहिले. वैशालीला पाहायला पाहुणे येणार म्हणून मी तिला चार महिने उन्हात जाऊ दिलं न्हाई. काळी पडंल ना! वावरात जाणं बंद, पोलीस भरतीसाठी पळणं बंद, खिडकीला चादर. पोरगी दिवसभर खोलीत, रात्रभर मोबाइलवर. मला वाटलं, आराम करून राहिली.

मग चिडचिड सुरू झाली. बापाला उलटून बोलायची, नंतर तासभर रडायची. पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी तिनं कैची घेतली अन् कंबरेएवढी वेणी कापून टाकली! "काहून केलंस गं?" तर म्हणते, "माहीत न्हाई आई, हात आपोआप गेला." मला धडकीच भरली. आज वेणी, उद्या काय? पाहुण्यांना नका येऊ म्हणलं अन् आमच्या इकडच्या गोरेगावहून जीपनं थेट हिंगोली गाठलं.

रक्त तपासलं. बाकावर बसून बसून जीव आंबला. व्हिटॅमिन डी कमी निघालं. मी म्हणलं, "आपल्या इथं उन्हाची कमी?" मॅडम हसल्या. वैशालीशी एकटीशी बोलल्या, मग मला सांगितलं, "शरीरात एक घड्याळ असतं, बॉडी क्लॉक. सकाळचा उजेड त्याला चावी देतो. उजेड नाही, झोप नाही, तर मन खचतं. माणूस इम्पल्सिव्ह होऊ शकतो, म्हणजे मनात आलं की विचार करायच्या आधीच करून मोकळा."

गोळ्या दिल्या, दर पंधरवड्याला बोलायला बोलावलं. उजाडलं की बाहेर, रात्री मोबाइल माझ्याजवळ.

पहिला आठवडा नुसता भांडणात गेला. दुसऱ्यात पोरगी माझ्याआधी उठली! महिन्यानं बूट घालून पळायला गेली, तर मी रस्त्यात उभी राहून टाळ्या वाजवल्या. लोक बघून राहिले, बघू द्या. जाऊबाई म्हणल्या, "किती काळी पडली गं!" म्हणलं, पडू दे.

तुमच्या लेकरात असं काही दिसलं तर त्याला आळशी म्हणू नका, डॉक्टरला दाखवा. त्या मॅडमचे उपकार मी जन्मभर विसरणार न्हाई.

परवा बापलेकीत पुन्हा वाजलं. मी जीव मुठीत धरला. वैशाली तरातरा चुलीजवळ आली अन् म्हणाली, "आई, मला लई राग येऊन राहिला. माझ्याजवळ बस."

तव्यावर भाकर होती. तशीच सोडली अन् बसले. करपली. करपू दे!