हाशमचाचांचे हात

धुळ्यातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत हाशमचाचा काचसामान धुतात. आधी ते आग्रा रोडवर अत्तर विकायचे. हातांचा वास अजून गेला नाही, असं ते कौतुकाने सांगतात.

तिथे संशोधन करणाऱ्या रोशनीचा आरएनए नळीतून नाहीसा होऊ लागला. आरएनए म्हणजे जनुकाचा निरोप. तो वाचून पेशी प्रथिन बनवते. सकाळी भरलेली नळी दुपारी तपासावी, तर आत काहीच नाही.

"चाचा, ग्लोव्हज घालत जा. आपल्या हातांवर एक एन्झाइम असतं, ते निरोपच खातं. मग प्रथिन कुठून बनणार?"

"धुतल्यावर जातं ना?"

"उकळलं तरी जात नाही."

"आमच्याकडे त्याला अकबरी म्हणतात," चाचा बायकोचं नाव घेत म्हणाले. दोघंही हसले.

पण घरी जेवताना त्यांचा घास हातातच राहिला. बोटांच्या रेषांमध्ये काहीतरी जागं होतं, हळूहळू चघळत होतं. ते चमच्याने जेवू लागले.

अशातच त्यांची मुलगी कहकशा दिवस भरण्याआधीच बाळंत झाली. मुलगा इवलासा, कातडीखालच्या शिरा दिसाव्यात असा. त्याला हातात घेऊन कानात अजान द्यायचा मान आजोबांचा. चाचा आले ते निळे ग्लोव्हज घालून, आणि खाटेपासून लांबच थांबले.

"नातू घ्यायला आलात का बरण्या धुवायला?" अकबरी म्हणाली.

"अब्बा, घ्या ना," कहकशा म्हणाली.

पोराच्या अंगातले निरोप आपण खाल्ले, तर ते वाढणार कसं? चाचांनी बाहेर जाऊन रोशनीला फोन लावला.

"साबणाने हात धुवा आणि घ्या," ती म्हणाली. "हातावरचं ते जिवंत पेशीत शिरत नाही. आणि चाचा, पेशीच्या आतल्या पडद्यात तसलीच एक कात्री मुळातच रुतलेली असते. फार ताण आला की ती निरोप कापते, प्रथिनांचं काम मंदावतं, पेशीला दम खाता येतो."

"म्हणजे पोराच्या आतही आहे?"

"जन्माच्या आधीपासून."

चाचांनी ग्लोव्हज काढले, हात धुतले. बाळ उचललं तेव्हा ते कापसाइतकं हलकं लागलं. उजव्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी अजान सुरू केली. बाळ निश्चल झालं. त्याचे डोळे मिटलेलेच होते, तरी आतून कुणीतरी एकेक शब्द निरखून घेतंय, असं चाचांना वाटलं. त्यांनी अजान पुरी केली, आणि बाळाला खाली ठेवलं नाही.