घराची कागदपत्रं

बँकेतल्या बाईंनी घराची मूळ कागदपत्रं समोर ठेवली, तेव्हा ह्यांनी ती लगेच हातात घेतली नाहीत. "आता काही भरायचं राहिलं नाही ना?" असं दोनदा विचारलं आणि मगच फाइल उचलली.

कर्ज मुदतीच्या चार वर्षं आधीच फिटलं होतं. मधल्या काळात ह्यांची कंपनी बंद पडली, मग हृदयाचं ऑपरेशन झालं. मी घरून जेवणाचे डबे द्यायला लागले. त्यातून उरेल ते हप्त्याबरोबर भरत गेलो, कारण पुढच्या महिन्याचा भरवसा वाटत नव्हता.

घरी आल्यावर हे सारखे या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले.

"बसा ना जरा," मी म्हणाले.

"बसवत नाही गं. काहीतरी विसरल्यासारखं वाटतंय."

भीती इतकी वर्षं आमच्यात राहिली, की तिलाही हे घर आपलंच वाटत असणार. कागद हाती आले म्हणून ती कशी जाईल?

संध्याकाळी हे म्हणाले, "उद्या डबे करू नकोस. एक दिवस तरी नुसती बस."

मी "बरं" म्हणाले, आणि थोड्या वेळाने उठून बारा जणांपुरते हरभरे भिजत घातले.